पंख्याखालची खुर्ची: सहभागी प्रशिक्षणाविषयी एक लघुप्रबंध

प्रशिक्षणात माणसे बोलत का नाहीत, या प्रश्नावर आजवर जे काही लिहिले गेले ते प्रशिक्षण देणाऱ्यांनी लिहिले. घेणाऱ्यांनी लिहिले नाही, कारण त्या वेळी ते मागच्या रांगेत बसून दुसरेच काहीतरी लिहीत होते: कुणी पोषण आहाराचा हिशेब, कुणी ग्रामसभेचे इतिवृत्त, कुणी किराण्याची यादी. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रबंध मागच्या रांगेतूनच सिद्ध केला आहे. त्यामुळे पडद्यावरची बारीक अक्षरे त्यात आलेली नाहीत. विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

अभ्यासक्षेत्र म्हणून धाराशिव जिल्हा निवडला. आठ तालुके आणि प्रत्येक तालुक्याला पंचायत समितीचे सभागृह, एवढी सामग्री एका आयुष्याला पुरते. शिवाय २०१८ साली नीती आयोगाच्या पुढाकाराने देशातले मागे पडलेले शंभरावर जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले गेले, त्यात धाराशिव, म्हणजे त्या वेळचा उस्मानाबाद, होता. जिल्हा आकांक्षित ठरला म्हणून पाऊस वाढत नाही; प्रशिक्षणे मात्र वाढतात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, बचत गटाच्या सीआरपी, यांपैकी कुणी ना कुणी या घटकेला कुठल्या तरी सतरंजीवर बसून 'प्रशिक्षणाकडून माझ्या अपेक्षा' लिहीत असणार. एकट्या शिक्षकांसाठीच राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. हे तास भरायचे कशाने, हा धोरणकर्त्यांचा प्रश्न. बसायचे कुठे, हा आमचा.

विषयाचा प्राचीन इतिहास पाहू जाता निराशा पदरी येते. जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे शहर म्हणून त्याची नोंद आहे. इथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई. विणकर, रंगारी, गाडीवान, हिशेबनीस इतकी माणसे कामाला जुंपली म्हणजे कुणीतरी कुणाला शिकवले असणारच. तेरला मणी सापडले, मातीच्या मूर्ती सापडल्या, हस्तिदंताची बाहुली सापडली. प्रशिक्षण झाल्याचा पुरावा म्हणाल तर एक नाही. चार्ट पेपर जमिनीत टिकत नाही, हे एक कारण. दुसरे असे की शिकणारा पोरगा मागाला खेटूनच बसत असावा आणि एकमेकांची ओळख करून देण्याचा खेळ खेळायची पाळी त्याच्यावर आली नसावी. हे दुसरे कारण पुढे कामी येईल, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

आता खुर्ची.

१९७० साली ॲडम्स आणि बिडल या दोन संशोधकांनी वर्गांचे चित्रीकरण करून तोंड कोण कोण उघडतो ते तपासले. पुढची रांग आणि मधली सरळ पट्टी, बहुतेक संवाद एवढ्यातच चालतो असे त्यांना दिसले. या भागाला त्यांनी क्रियाक्षेत्र म्हटले. शोध चांगला आहे, पण तो एप्रिल महिन्यात परंड्याला लावून पाहावा. इथे जागा धरताना माणूस पुढे पाहत नाही, वर पाहतो. वर पंखा असतो.

पंख्याचा सिद्धान्त असा: सभागृहात सहा पंखे असतील तर चार फिरतात, चारांतले दोन आवाज करतात, आवाज न करणाऱ्या दोहोंपैकी एकाखाली मान्यवरांचे टेबल असते. उरलेल्या एकाखालच्या खुर्च्यांवर सकाळी साडेनऊलाच रुमाल पडलेले असतात. ही विद्या आपण एसटीकडून घेतली आणि ती विनाप्रशिक्षण घेतली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आता पंख्याखाली बसलेला बोलत नाही, कारण गार वाऱ्याने त्याचे डोळे मिटू लागतात. पंख्यापासून लांब बसलेला बोलत नाही, कारण तो प्रशिक्षण-पुस्तिकेने वारा घेत असतो. आणि करकरणाऱ्या पंख्याखालचा बोलत नाही, कारण प्रश्न काय होता हे त्याला कळलेले नसते. तो शेजाऱ्याला विचारतो, "काय सांगलालेत?" शेजारी उमरग्याकडचाच असतो, तो म्हणतो, "सांगू देत की."

या सिद्धान्ताची कसोटी वीज गेल्यावर लागते. पंखे थांबतात, प्रोजेक्टर विझतो, माईक मुका होतो. व्याख्याते व्यासपीठावरून खाली उतरतात, कारण वरून आवाज पोहोचत नाही. कुणीतरी उठून खिडक्या उघडतो. खुर्च्या खिडक्यांकडे सरकतात, म्हणजे आपोआप अर्धगोल होतो. पडदा नसल्यामुळे व्याख्यात्यांना विचारावे लागते, "बरं, तुमच्याकडे हे काम कसं करतात?" आणि माणसे सांगू लागतात. मग वीज येते, सगळे 'हाऽऽ' करतात आणि ये रे माझ्या मागल्या. दिवसभरातला सर्वांत सहभागी अर्धा तास अशा रीतीने नियोजनात नसतो. अहवालातही तो येत नाही. तिथे 'तांत्रिक अडचणीमुळे सत्रास विलंब' एवढेच लिहिलेले असते.

पूर्वपक्षी इथे म्हणेल: सहभाग वाढवण्यासाठीच तर टाळ्या असतात! टाळीचे प्रकार पुष्कळ, पण धाराशिवच्या संदर्भात विचार करण्याजोगी एकच, ती पावसाची टाळी. आधी एक बोट तळहातावर, मग दोन, तीन, चार, मग आख्खा हात. सभागृहात धो धो पाऊस कोसळतो आणि उलट्या क्रमाने ओसरतो. ऐकायला खरोखर गोड लागते. पण भूम-वाशीकडच्या माणसाला मे महिन्यात, गावाबाहेर टँकरची वाट बघत घागरी रांगेला लावलेल्या असताना, पावसाची टाळी वाजवायला सांगणे यात शास्त्रीयदृष्ट्या थोडा धोका आहे. अशा वेळी मागच्या रांगेतून हमखास उमटणारे भाष्य असे: "सायेब, असाच जरा खरा पाडा की." टाळीने झोप उडते, हे मान्य. जागा झालेला माणूस सहभागी झाला, असे समजणे मात्र घाईचे. जागा झालेला माणूस आधी घड्याळ बघतो.

टाळीनंतर गट. गट पाडण्याची रीत सनातन आहे: एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, चार. यामागचा हेतू ओळखीची माणसे फोडण्याचा असतो. पण अनुभवी माणसे आकडा आपल्यापर्यंत यायच्या आधीच मोजून खुर्ची बदलतात, आणि कळंबचे पाच जण अखेर एकाच गटात सापडतात. एवढे अचूक अंकगणित सबंध दिवसात पुन्हा कुणी करत नाही. गटांना नद्यांची नावे देतात: तेरणा, मांजरा, सीना, बोरी. नावाचा गुण लागतो. चारही गट चर्चेच्या सुरुवातीला खळाळतात आणि दहा मिनिटांत कोरडे पडतात.

हे असे का होते याचे उत्तर फ्रान्समध्ये मिळाले. माक्स रिंगेलमान हा शेतीचा इंजिनिअर. बैल, घोडे आणि माणसे यांची ओढण्याची ताकद मोजणे हा त्याचा व्यासंग. माणसांना दोर ओढायला लावून त्याने जे मोजले ते १९१३ साली छापले: एकट्याची ताकद शंभर धरली तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकाचा वाटा ९३ वर येतो आणि आठ जण झाले की ४९ वर. आठ हा आपल्याकडच्या गटाचा सर्वमान्य आकार आहे, कारण चार्ट पेपर मोजकेच आणलेले असतात. म्हणजे गट पाडताक्षणीच निम्म्याहून जास्त माणूस हिशेबातून जातो. तो फोनमध्ये जातो, हे रिंगेलमानला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पण दोर आणि चार्ट यांत एक भेद आहे, आणि तिथे आमचे रिंगेलमानशी जमत नाही. दोर सगळे जण थोडा थोडा ओढतात. चार्ट एकच जण ओढतो. कारण दोराला अक्षर नसते. गट गोल बसला, स्केच पेनांची पिशवी मध्ये पडली, की कुणीतरी म्हणतो, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलंय." या क्षणी गटकार्य संपते. मॅडम जमिनीवर कागद पसरतात, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर पाण्याची बाटली, पर्स, मोबाइल आणि गटप्रमुखाचा चष्मा ठेवतात, दुहेरी समास आखतात. हिरवे पेन वाळलेले निघते. लाल चालते. मुद्दे काय लिहायचे हे मॅडमच ठरवतात, कारण हात त्यांचा असतो. बाकीचे सात जण 'बरोबर आहे' म्हणतात. सादरीकरणाला मात्र गटप्रमुख उठतो आणि सगळ्यांना समोर दिसत असलेली वाक्ये मोठ्याने वाचून दाखवतो. हा अन्याय आहे, असे मागच्या रांगेचे स्पष्ट मत आहे. सर्वांत वाईट अक्षराच्या माणसाच्या हाती पेन द्यावे. त्याचे अक्षर लागत नाही म्हणून उरलेले सात जण वाकून बघतील, 'हे काय लिहिलं?' म्हणून विचारतील आणि चर्चा आपसूक होईल. या उपायाला खर्च नाही.

सगळ्यांनी एकत्र बसून कल्पनांचा पाऊस पाडावा, ही रीत जाहिरातीच्या धंद्यातल्या ॲलेक्स ऑसबॉर्नने लोकप्रिय केली. १९५८ साली येल विद्यापीठात ती तपासली गेली. चौघे एकत्र बसवले आणि चौघांना वेगवेगळे बसवून त्यांच्या कल्पना मागाहून एकत्र केल्या, तर वेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. आधी ज्याने त्याने आपापल्या वहीत दोन ओळी खरडाव्या आणि मगच गटात यावे, एवढाच याचा अर्थ. पण आपल्याकडे वही ही पिशवी, पेन आणि बिल्ल्यासोबत मिळणारी वस्तू असल्याने ती घरी पोरांसाठी कोरी नेण्याचा प्रघात आहे.

याच ठिकाणी एका मनोऱ्याचा समाचार घेऊन टाकू. वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २०, पाहिलेले ३०, आणि असे चढत चढत स्वतः केलेले ९० टक्के. ही पाटी दाखवल्याशिवाय तज्ज्ञ मार्गदर्शकांच्या जिवाला चैन पडत नाही. ती एडगर डेल यांच्या नावावर खपवतात. डेल यांनी १९४६ च्या पुस्तकात अनुभवाचा शंकू काढला होता, हे खरे. त्यात एकही आकडा नव्हता. आकडे मागाहून कुणीतरी घातले. टक्केवारी इतकी गोलगरगरीत कशी, हा प्रश्न विचारायला हवा होता. पण प्रश्नांचा तास शेवटी ठेवलेला असतो.

त्या तासाकडे वळू. "कुणाला काही शंका?" हे वाक्य उच्चारल्यावर किती थांबावे, यावर मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी खोल काम केले आहे. शिक्षक प्रश्न विचारतात आणि सरासरी एक सेकंद थांबतात, असे त्यांना १९७० च्या आसपास आढळले. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांब होतात, गप्प बसणारी मुले तोंड उघडतात, उलट प्रश्नही येतात. दोन सेकंदांचा फरक! कुठलाही निधी नाही, मंजुरी नाही. धाराशिवच्या सभागृहात मात्र तीन सेकंद म्हणजे फार मोठा काळ. पहिल्या सेकंदात पंख्याची करकर ऐकू येते. दुसऱ्यात मागे कुणाचा तरी फोन वाजतो. तिसऱ्यापर्यंत व्याख्यात्यांचा धीर टिकत नाही आणि ते म्हणतात, "ठीक आहे, म्हणजे सगळ्यांना समजलेलं आहे." वास्तविक त्याच वेळी लोहाऱ्याच्या एका अंगणवाडी ताईंनी पदर सावरून हात अर्धा उचललेला असतो. तो कपाळावरचा घाम पुसून खाली येतो. जी एक शंका निश्चितपणे विचारली जाते ती प्रवास भत्त्याची. तिला तीन सेकंदांची गरज भासत नाही.

एवढ्यावरून धाराशिवची माणसे प्रशिक्षणात जीव ओततच नाहीत, असा निष्कर्ष कुणी काढील, तर तो चुकेल. ७ मे २०२४ ला उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. अशा निवडणुकीआधीच्या प्रशिक्षणाला मागच्या रांगेतून पाहिलेला माणूस आमच्या बाजूने साक्ष देईल. तेच शिक्षक, तेच ग्रामसेवक, ऊनही तेच. हजर का राहतात, याला उत्तर सोपे आहे: गैरहजेरीच्या नोटिशीत लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३४ असते. पण कायदा माणसाला खुर्चीपर्यंत आणतो, मान वर करायला लावत नाही. इथे माना वर असतात. पहिला तास भाषणाचा, तो नेहमीसारखाच जातो. मग खोल्यांमध्ये टेबलांवर मतदान यंत्रे येतात आणि खुर्च्या रिकाम्या होतात.

बॅलट युनिटची वायर व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला. जोडणी करायला एक जण बसतो आणि त्याच्या खांद्यावरून सहा जण सूचना करतात. ज्या सरांनी वर्षभरातल्या एकाही प्रशिक्षणात तोंड उघडलेले नाही, ते म्हणतात, "थांबा थांबा, आधी स्विच बंद आहे का बघा." मग अभिरूप मतदान, ज्याला सगळे मॉक पोलच म्हणतात. मतदान सकाळी सातला, तर हा प्रकार साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. किमान ५० मते टाकून दाखवायची. आणि मग तो मंत्र: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, मागे शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात सील करायच्या. क्लिअर करायला विसरले तर ती खोटी ५० मते खऱ्यांत मिसळून बसतात आणि पुढचे सगळे रामायण त्या केंद्राध्यक्षाच्या मानेवर. म्हणून बायका येताना एसटीत, पुरुष पानटपरीवर 'सीआरसी, सीआरसी' पुटपुटत असतात. इतके तल्लीन पाठांतर जिल्ह्यात कीर्तनाबाहेर क्वचितच ऐकू येते.

इथे टाळी नव्हती, चार्ट नव्हता, नदीचे नाव नव्हते. टेबलावर वस्तू होती. ती हाताळायची मुभा होती. आणि थोड्याच दिवसांत कुठल्या तरी वस्तीवरच्या शाळेत पहाटे आपण असू, हे यंत्र असेल, आणि विचारायला कुणी जवळ नसेल, ही खात्री होती. यंत्राचा आणखी एक गुण मागच्या रांगेच्या ध्यानात आला तो असा की व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. माणसाला कळायला वेळ लागतो, हे ज्याने ते यंत्र बनवले त्याला समजले होते. व्याख्यात्यांपेक्षा ते चार-सहा सेकंदांनी अधिक सहनशील आहे.

शेतीशाळेतही हेच. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियातल्या भातशेतीत सुरू झाली आणि फिरत फिरत आपल्या सोयाबीनपर्यंत आली. वर्ग बांधावर भरतो. कृषी सहायकाने पाठ केलेली माहिती सांगायला घेतली की शेतकरी आभाळाकडे बघतात. पण तेच पाच-पाच झाडे तपासायला सऱ्यांत उतरवले की रंग पालटतो. कुणीतरी वरून सुकलेला एक फुटवा मोडून आणतो. त्यावर थोड्या अंतराने दोन गोल खाचा असतात, नखाने कोरल्यासारख्या. चक्री भुंग्याची मादी आधी ही दोन चक्रे पाडते आणि त्यांच्या मध्ये अंडी घालते. खाचेच्या वरचा भाग सुकतो. फुटवा उभा चिरला की आत पिवळसर अळी. ती एकदा पाहिलेला माणूस सांगत सुटतो: माझ्या वरच्या तुकड्यात असंच झालंय, मी पाणी कमी पडलं समजत होतो. मग दुसरा म्हणतो, खत. तिसरा म्हणतो, तुझं बियाणंच तसलं. वाद पेटतो. सुलभक म्हणून नेमलेल्या माणसाचे काम आता एवढेच उरते की चिरलेला फुटवा सगळ्यांच्या हातांतून फिरेल हे पाहणे. उस्मानाबादी शेळीच्या या मुलखात उंटावरून शेळ्या हाकायचा मोह कुणाला होऊ नये, पण तो होतो. बांधावर उंटच नसतो, हा शेतीशाळेचा खरा फायदा.

पुढच्या उदाहरणापुरती थट्टा बाजूला ठेवावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे नुकती झोपली असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांनी तो घाव सोसला. मारले घरांनीच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी, दोन्हींना बांधणारा दगड नाही; आणि डोक्यावर माळवदाची मणामणाची माती. पडलेली गावे नव्याने वसवणे हा एक भाग झाला. पण उभ्या राहिलेल्या, तडे गेलेल्या लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्या त्या घरमालकाने करायचे होते. म्हणजे भिंतीला आरपार भोके पाडून सळई आणि काँक्रीटने दोन्ही बाजू एकमेकींना जखडणे, माळवदावरची माती उतरवणे, लाकडी खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरपे टेकू देणे. नकाशे इंजिनिअरांकडे होते. गावे मात्र आपल्याच भिंतीला भोक पाडायला धजत नव्हती, आणि यात नवल काय?

प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाचे काम आले, तेव्हा बाराशेहून जास्त गावांत गावातल्याच बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. बहुतेकींनी तोवर घराबाहेरची बैठक पाहिलेली नव्हती. त्यांना अनुदानाचे हप्ते, सिमेंट-वाळूचे प्रमाण, गवंड्याचे काम तपासायची रीत शिकायची होती. जे शिकले ते लगोलग शेजारणीला सांगायचे होते. शिकणारी आणि शिकवणारी यांच्यात दोन दिवसांचे अंतर. चूक झाली तर ती आपल्याच गल्लीत, आपल्याच पोराबाळांच्या डोक्यावर. ज्या गावात माणसे भिंतीखाली गेली होती, तिथे 'भूकंपरोधक बांधकामाचे महत्त्व' हे सत्र कुणाला घ्यावे लागले नाही. प्रश्न नेमके येत: भोक किती अंतरावर, माती किती काढायची, हप्ता अडकला तर कुणाला भेटायचं. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. एकीकडे मराठी, दुसरीकडे कच्छी-गुजराती. तिथे कुणी सादरीकरण नेले असते तर ते कुणाला कळले असते, हा प्रश्न प्रशिक्षणशास्त्राने स्वतःला विचारून पाहावा.

म्हणजे प्राचीन तगरच्या मागाशेजारी बसलेल्या पोराविषयीचे आमचे अनुमान अगदीच हवेतले नव्हते. वस्तू जवळ असली, ती हाताला लागत असली आणि उद्या तिच्याशी आपली गाठ असली, की माणूस बोलतो. या तिन्ही गोष्टी नसतील तर टाळी वाजवावी लागते.

तरीही एक अडचण उरते, ती काठीची. गावातल्या लोकांकडून शिकण्याच्या पद्धती जगभर नेणारे रॉबर्ट चेंबर्स यांचा बाहेरून आलेल्यांना एक लाडका उपदेश आहे: हातातली काठी लोकांच्या हाती द्या. शब्दशः द्यायची; मग जमिनीवर गावाचा नकाशा तेच काढतात. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. तेव्हापासून आसपासच्या कैक गावांनी विद्यार्थ्यांसमोर रांगोळीने आपले नकाशे रेखले असतील. नकाशात विहीर चुकीच्या जागी पडली की पारावरचा म्हातारा उठून येतो आणि पायाने ती पुसतो. हा पाय म्हणजे सहभाग. सभागृहात काठीच्या जागी माईक असतो. माईक हा परत मागता येतो, हा त्याचा दोष. "दोन मिनिटांत सांगा" असे म्हणून दिलेला माईक दीड मिनिटात परत घेतला जातो, आणि घेणारे म्हणतात, "सरांना असं म्हणायचं आहे की..." सरांना तसे म्हणायचे नव्हते.

ऑनलाइन प्रशिक्षणाविषयी या प्रबंधात फार लिहिलेले नाही. करोनाच्या काळात दीक्षा ॲपवर शिक्षकांसाठीचे 'निष्ठा'चे अभ्यासक्रम झाले, त्यानंतर सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे कर्मयोगी पोर्टल आले. तिथे मागची रांगच नाही, त्यामुळे आमच्या अभ्यासपद्धतीला तिथे टेकायला जागा नाही. चित्रफीत एका खोलीत चालू असते आणि प्रशिक्षणार्थी दुसऱ्या खोलीत, एवढे निरीक्षण नोंदवून पुढे जातो.

अखेरचा विषय चहा. हॅरिसन ओवेन नावाच्या गृहस्थाने १९८० च्या दशकात एका मोठ्या परिषदेसाठी वर्षभर राबून तयारी केली, आणि आलेले लोक म्हणाले, सगळ्यांत उत्तम भाग म्हणजे मधली कॉफीची सुट्टी. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी १९८५ मध्ये त्याने सबंध परिषदच सुट्टीसारखी भरवली: विषय ज्याचा त्याने भिंतीवर लावायचा, ज्याला ज्या घोळक्यात रस त्याने तिकडे जायचे, कंटाळा आला तर उठायचे. धाराशिवच्या सभागृहाबाहेरच्या ओसरीत हे शास्त्र अगदी नैसर्गिक अवस्थेत पाहायला मिळते. हातात कागदी कप, कधी सकाळच्या मुरमुऱ्यांच्या सुशीलाची द्रोणातली शेवटची शितं, आणि आत तीन तास मुकाट बसलेली माणसे बोलत असतात: तुमच्याकडे तो फॉर्म ऑनलाइन भरतोय का, आमच्या सर्व्हरला काय होतं बघा, त्या सरपंचाला तुम्ही कसं पटवलंत, मूल दाखल्याशिवाय आलं तर नाव घालायचं की नाही. व्याख्यातेही तिथेच उभे असतात आणि त्यांना पहिल्यांदाच खऱ्या अडचणी ऐकू येतात. मग शिट्टी वाजते आणि सगळे आत जाऊन गप्प बसतात.

म्हणून शिफारस अशी की प्रशिक्षण ओसरीत घ्यावे आणि विश्रांतीसाठी सभागृहात जावे. आत पंख्याखाली पंधरा मिनिटे डोळे मिटून बसण्याची अधिकृत सोय झाली तर बाहेर कुणी पेंगणार नाही. लेखाशाखेचे आक्षेप आम्ही आधीच विचारात घेतले आहेत. चहा दिवसातून दोनदाच मंजूर असतो. तो दिवसभर चालू ठेवायचा तर नव्याने दरपत्रके मागवावी लागतील. हजेरीची सही सत्राआधी घेतात. इथे सत्र कुठे सुरू झाले हे कळणार नाही, तेव्हा हजेरीपट चहाच्या टेबलावर, साखरेपासून जरा लांब ठेवावा. आणि बशीत ओतून पिणाऱ्यांसाठी वेळापत्रकात पाच मिनिटे वाढवून द्यावी लागतील, कारण बशी धरलेला माणूस घाई करत नाही आणि त्याला मध्येच माईक देता येत नाही.